वडनेरची कॅसेट, वर्ध्याची गिटार

माझ्या दुकानात एकदा गिटारवरून दोन गिऱ्हाइकं एकमेकांची कॉलर धरायला निघाली होती. एक पोस्टातला कारकून, दुसरा देवळीचा खत-बियाणांचा दुकानदार. दोघांपैकी एकालाही गिटार कशी धरतात ते ठाऊक नव्हतं. वाद एवढाच होता, की मोठा कोण: वर्ध्याचा किशोर की वडनेरचे वसंतराव. मी मध्ये पडलो तेव्हा कारकून म्हणाला, "देविदासभाऊ, तुमी शिकले-सवरलेले आहा, तुमीच सांगा." मी सांगितलं, की काउंटरची काच आधीच तडकलेली आहे, भांडण रस्त्यावर करा.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या अलीकडची-पलीकडची. वर्ध्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. पाटीवर नावापुढे मी 'बी.एस्सी.' असं ठळक लिहून घेतलं होतं. पेंटर म्हणाला, "भाऊ, हे डॉक्टर-वकिलाले शोभते. कॅसेटच्या दुकानावर डिग्री काहाले?" मी म्हटलं, "तू लिही." नालवाडीच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. पदार्थविज्ञान घेऊन मी पास झालो आणि आता पोरगा बँकेत लागणार म्हणून वडील वाट बघत बसले. मी दुकान टाकलं. ते कधी बाजाराला आले, की आत यायच्या आधी पाटीसमोर उभे राहत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शेवटच्या अक्षरांकडे बोट करून विचारत, "हेच ना ते?" मी "हाव" म्हणायचो. मग ते आत येत आणि दुकानाला नावं ठेवत.

ज्यांनी तो धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाणी भरून देणं हा त्यातला सोपा भाग. एका मशीनमध्ये भरलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी, मध्ये वायर. खरं काम दुसरं होतं. भजनी मंडळी, लग्नातल्या मंगलाष्टका म्हणणाऱ्या बाया, निवडणुकीतले उमेदवार, असे लोक दुकानामागच्या खोलीत येऊन स्वतःचा आवाज भरून घ्यायचे. खोलीच्या भिंतींना मी गोणपाट आणि त्यावर जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. माईक एकच. मोठ्या शहरात म्हणे प्रत्येक वाद्याला वेगळा माईक असतो आणि कोणाचा आवाज कमी, कोणाचा जास्त, हे बटणांनी ठरवतात. माझ्याकडे ते खुर्च्यांनी ठरायचं. पेटीवाला जड होतोय, तर त्याची खुर्ची भिंतीकडे. गाणारी दबतेय, तर तिला माईककडे. एकदा खुर्च्या बरोबर बसल्या, की कोणी हलायचं नाही. सालोडचे एक भजनीबुवा मात्र दर कडव्याला बोटभर पुढे सरकत. कॅसेट संपेपर्यंत माईक त्यांच्या मिशीत गेलेला असे आणि मागचे टाळकरी दुसऱ्या गावात असल्यासारखे वाजत.

एक म्हातारी आली होती, मुलगा फौजेत होता तिचा. माईकसमोर बसून म्हणाली, "जेवला का रे बाबू?" आणि गप्प बसली. मी खूण केली, बोला पुढे. ती म्हणाली, "थांब ना, त्याले बोलू दे." तेवढी रिकामी जागा मी त्या कॅसेटमध्ये तशीच ठेवली.

तर किशोर आणि वसंतराव.

दोघांची गिटार एक नव्हे. किशोर उभी गिटार वाजवायचा, जी सिनेमातला हिरो गळ्यात अडकवतो ती. हिला पडदे असतात, डाव्या हाताची बोटं पडद्यांवर दाबायची आणि उजव्यानं छेडायची. प्रत्येक सूर सुटा, ताटात ज्वारी सांडावी तसा. किशोर अंगठ्यानं खालचा ठेका धरून बाकीच्या बोटांनी धून वाजवायचा. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं बसलीत असं वाटे. तो कापडाच्या दुकानदाराचा मुलगा. नागपूरला कॉमर्स करताना तिथल्या एका ख्रिस्ती मास्तरांकडे शिकला होता.

वसंतरावांची गिटार आडवी. ती मांडीवर घेऊन बसायचं, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवायची. हिच्यात सूर तुटत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते, माणूस गातो तशी. वसंतराव वडनेरचे शेतकरी. शाळेसाठी मामाकडे नागपूरला होते, तेव्हा शेजारच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून शिकले आणि त्याचीच जुनी गिटार घेऊन गावी परतले.

तसं पाहिलं तर ही तुलना करण्याची गोष्टच नव्हती. पण वसंतरावांची एक कॅसेट निघाली आणि तुलना सुरू झाली.

ती माझ्याकडे आणली हिंगणघाटच्या एका एस.टी. कंडक्टरनं. म्हणाला, "आयकून पाहा भाऊ, मंग बोला." वडनेरला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोरांचे लाकडी बैल मिरवून झाल्यावर, देवळासमोर कोणीतरी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. मागे घुंगरांचा आवाज, पोरांचा गोंगाट, आणि मग पहाडी रागातली एक धून. सुरुवात बरी चपळ होती. पुढे ती चढत गेली, चढतच गेली, आणि शेवटी अशी काही गती होती, की मी उभा राहून ऐकत होतो. मध्येच एक बारीक, किनरा आवाज येतो, "वाह रे वसंता, वाह." आम्ही हसायचो, की गावातलं पोरगं किती आगाऊ आहे, बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करतं.

त्या कॅसेटच्या किती नकला मी भरून दिल्या ते सांगता येत नाही. पानठेल्यावर, केस कापायच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात तीच वाजायची. आणि वर्ध्यात जिथे किशोर वाजवायला बसे, तिथे कोणीतरी म्हणायचंच, "छान आहे, पण वडनेरवाल्याची बात अलग."

एका दुपारी किशोर दुकानात आला आणि काउंटरवर तुटलेल्या तारांची गुंडाळी ठेवली.

"ही या महिन्याची," तो म्हणाला. "नागपूरचा दुकानदार विचारतो, तारा खातोस का म्हणून."

"इतक्या कशा तुटतात?"

"कॅसेटच्या सुरात लावतो ना मी. वसंतरावांची पट्टी उंच आहे. तेवढी ताणली, की पहिली तार दोन दिवस टिकत नाही." मग म्हणाला, "भाऊ, मी सोडून देतो."

"काय?"

"गिटार. बाबूजी म्हणतात दुकानात पूर्ण वेळ बस. बसतो. रोज कॅसेट लावून तिच्याबरोबर वाजवतो मी. अर्ध्यापर्यंत त्यांचा हात धरून जातो. मग ते पुढे निघून जातात आणि मी फाटकाबाहेर उभा. जे आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस शेती करून वाजवतो, ते मला दिवसभर घासून जमत नाही. मग कशाला?"

मी त्याला चहा सांगितला. चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "एकदा त्यांच्यासोबत बसवा मला. हात कसा चालतो ते डोळ्यांनी पाहतो. त्यानंतर गिटार विकीन, तुमच्याच दुकानात चिठ्ठी लावीन."

माझ्या मनात वेगळंच होतं. आडवी आणि उभी, दोन्ही गिटारी एका कॅसेटवर, माझ्या खोलीत भरलेल्या, हे मी कधीपासून घोकत होतो. दुसऱ्याची गाणी उतरवून देण्यात डिग्री कशाला लागते, हे वडिलांचं म्हणणं मला टोचत असे. मी वडनेरची गाडी पकडली.

वसंतराव ओसरीत कापसाच्या ढिगाजवळ बसले होते. सडसडीत, शांत माणूस. गिटार भिंतीला टांगलेली, जुन्या सतरंजीच्या खोळीत. मी माझी ओळख सांगितली.

"असं. तुमीच का ते माह्या कॅसेटी विकून राह्यले?"

"विकत नाही, भरून देतो."

"एकच झालं. बसा."

मी किशोरबद्दल सांगितलं, दोघांना एकत्र बसवायचं आहे म्हणालो. त्यांनी मान हलवली. "मी वाजवत नाई आता."

"काऊन?" मीही घरच्या बोलीवर आलो.

त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "सांगा ना त्यायले. मले तर रोज आयकवता."

"काय सांगू?" वसंतराव म्हणाले. "हिंगणघाटले गणपतीत बोलावलं मले. कॅसेट आयकूनच बोलावलं. म्या पहाडी धरली. अर्ध्यातच लोक कुजबुज करायले लागले. एक म्हने, तब्येत बरी नाई वाटते. दुसरा म्हने, पीत होते तवा मस्त वाजवत होते, सोडली वाटते यायनं. अन् म्या जन्मात कधी प्याली नाई."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या.

"हासू नको," ते म्हणाले, पण त्यांनाही थोडं हसू आलं. मग ते गेलं. "घरी येऊन म्या ती कॅसेट लावली. तिच्याबरोबर वाजवून पाह्यलं. मले येत नाई भाऊ. माह्यंच मले येत नाई. त्या दिवशी देवानं वाजवून घेतलं असंन माह्याकून. आता लोकं ते मागतेत. माह्याच मागं मी किती पळू? म्हणून खोळीत घालून ठेवली."

तिकडे एक त्या कॅसेटमुळे गिटार विकायला निघालेला, इकडे हा माणूस स्वतःच्याच कॅसेटला भिऊन बसलेला. मी पाणी पीत होतो तेवढ्यात दारातून आवाज आला, "वसंता, कोन आलं रे?" आवाज असा, जसा रिकाम्या गोदामात कोणी पिंप लोटत नेतो आहे. हे गावचे सरपंच, नीळकंठराव. टेपरेकॉर्डर त्यांचाच, हे कळल्यावर मी चौकशी केली. त्यांना तेच हवं होतं.

"जावयानं देला," ते म्हणाले. "त्या दिवशी गावात लाइन नव्हती. सेलवर चालवला. सेल बी उतरले होते, तर म्या दिवसभर टिनावर उन्हात ठेवले. चालले ना मस्त. तिथंच लावून आयकलं, एकदम बराबर. मंग चार दिवसांनी नवे सेल टाकले, तर बाप्पा, अजूनच बहार आली. नवीन सेलची बात अलग राह्यते."

"अन् त्याच्यात ते पोरगं कोणाचं?" मी विचारलं. "ते 'वाह रे वसंता' म्हणणारं?"

नीळकंठराव माझ्याकडे बघत राहिले. "पोरगं? याले वसंता म्हननारं पोरगं ह्या गावात हाय का? कानाखाली नाई देनार मी? तो मी होय."

मी पाण्याचा गडवा खाली ठेवला.

आता इथे मला माझी डिग्री वापरू द्या. टेपमधली फीत ठरलेल्या वेगानं सरकली पाहिजे. सेल उतरले, की मोटर मंदावते आणि फीत हळू सरकते. हळू सरकत असताना भरलेला आवाज नंतर पुऱ्या वेगानं वाजवला, तर सगळं जलद होतं आणि सूरही वर चढतो. दणकट माणसाचा आवाज पोराचा होतो. सेल जसजसे मरत जातात, तसतशी मोटर आणखी मंद होते, म्हणून ऐकताना धून चढत गेल्यासारखी वाटते. त्या दिवशी त्याच मेल्या सेलवर ऐकली तेव्हा मोटर तितकीच मंद होती, म्हणून गावाला ती बरोबर वाटली. उन्हात तापवलेल्या सेलांनी वसंतरावांना जिल्ह्यातला सर्वांत जलद गिटारवाला केलं होतं. माझ्या मशीनवर ती कॅसेट रोज फिरत होती, तरी मलाही ते उमगलं नाही, कारण ऐकताना मीही इतरांसारखाच खूश होत होतो.

पण हे मी तिथे बोललो नाही. एखाद्याला तुमचं नाव सेलांमुळे झालं असं सांगायचं, तर आधी स्वतःची खात्री हवी. मी एवढंच म्हणालो, "रविवारी वर्ध्याला या. वाजवू नका, फक्त ऐका. नीळकंठराव, तुम्हीही या."

"मी काहाले? भाषन हाय का?"

"तुमच्या आवाजानं मोजमाप करायचं आहे."

वसंतराव नाहीच म्हणत होते. वहिनींनी खोळ भिंतीवरून काढून त्यांच्यापुढे ठेवली. "घेऊन जा हिले सोबत. बिमार मानसाले दवाखान्यात नेतेच ना. घरी टांगून ठेवल्यानं कोनी बरं झालं का?"

रविवारी दुकान बंद ठेवलं. किशोर आधीच येऊन बसला होता. वसंतराव आत येताच तो पाया पडायला वाकला, ते दोन पावलं मागे सरले. "नको बाबू. मी तसा नाई."

मी मशीनचं मागचं झाकण काढलं. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत एक स्क्रू. तो फिरवला, की वेग कमी-जास्त होतो. कॅसेट लावली आणि त्या किनऱ्या आवाजाशी आणली. "नीळकंठराव, आता तुम्ही म्हणा."

"काय?"

"तेच. वाह रे वसंता."

ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले. मी स्क्रू थोडा फिरवला, कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. आतलं पोरगं थोडं मोठं झालं. "पुन्हा म्हणा." त्यांनी पुन्हा म्हटलं. बाहेरून जाणाऱ्या एकानं डोकावून विचारलं, की नाटकाची तालीम आहे काय. असं करत करत डब्यातले नीळकंठराव आणि खोलीतले नीळकंठराव एकसारखे बोलायला लागले. मग मी कॅसेट सुरुवातीला नेली आणि स्क्रूड्रायव्हर हातातच ठेवून वाजवली. सेल पुढे पुढे मरत गेले होते, म्हणून मलाही धून पुढे जाईल तसा स्क्रू हळूहळू फिरवत राहावं लागलं. शेवटच्या सुरापर्यंत हात काढता आला नाही.

ती पहाडी मी शेकडो वेळा ऐकली असेल, पण तशी ती कधी ऐकलीच नव्हती. आधी जिथे माशी गुणगुणल्यासारखं व्हायचं, तिथे आता एक सूर दुसऱ्याकडे सावकाश जात होता. वाटेत थांबत होता. शेताच्या पलीकडच्या बांधावरून कोणी कोणाला हाक मारावी तशी वरच्या 'सा'ची हाक होती.

वसंतराव स्पीकरकडे बघत बसले होते. संपल्यावर म्हणाले, "परत लावा." परत लावली. या वेळी त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप सरकत होता.

"हा मी आहो," ते म्हणाले. "हे आमच्या घरचं वाजवनं हाय."

मी त्यांना सेलांचं सगळं सांगितलं. नीळकंठरावांचं तोंड पडलं. "म्हंजे माह्या सेलनं केलं काय हे?" वसंतराव त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या सेलनंच तर जिल्ह्यात नाव केलं माह्यं." त्यांच्या चेहऱ्यावर नाव गेल्याचं दुःख मी शोधत होतो. तिथे मला दिसली ती सुटका.

पण किशोरचं काय होईल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो हसत होता आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "म्हणजे मी कोणाच्या मागे धावत होतो, भाऊ? टिनावर वाळत घातलेल्या सेलांच्या?" त्यानं गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या. "इतक्या तारा तोडल्या. बाबूजी बरोबर म्हणतात. मला इतकंही कळलं नाही, की हे माणसाचं वाजवणं नाही. मला काय संगीत कळतं?"

मी काही बोलणार, तोच वसंतराव म्हणाले, "कुठं चालला? बस. एक सांग मले. त्या कॅसेटबरोबर तू कुठपर्यंत येतो?"

"अर्ध्यापर्यंत. कधी थोडं पुढे."

"भाऊ, तो इस्क्रू पहिल्यासारखा करा."

मी केला. किशोर पेटीला हात लावेना. वसंतरावांनी स्वतः कड्या उघडल्या, गिटार काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "आता मले दाखव. मी तुहा हात पाहासाठी आलो समज."

जुनी, जलद पहाडी सुरू झाली आणि किशोर तिच्याबरोबर निघाला. आधी रागानं, मग राग विसरून. नीळकंठरावांच्या किनऱ्या आवाजापर्यंत तो आला, त्याच्याही पुढे गेला. मग कॅसेट निसटली, तो थांबला आणि खाली बघत बसला. खोलीत कॅसेट एकटीच पळत होती. वसंतरावांनी मला बंद करायची खूण केली.

"देविदासभाऊ, तुमी बी.एस्सी. आहा," ते म्हणाले. "इतक्या गतीनं पहाडी वाजवणारा मानूस होता का कोनी?"

"नाही. कोणीच नव्हता."

"म्हंजे म्या वाजवली नाई, देवानं वाजवली नाई. सेलची करामत. बरोबर?"

"बरोबर."

"मंग आता हे कोनी वाजवलं?" त्यांनी किशोरकडे बोट केलं. "अर्ध्यापर्यंत का होईना, मानसाच्या हातानं वाजली का नाई? मी तर तिथं कधी गेलोच नाई. हा जाऊन आला."

किशोरनं खुंट्या पिळायला घेतल्या. एकेक तार ढिली करत तो खाली आणू लागला. वसंतरावांनी खोळीतून गिटार काढली, मांडीवर घेतली आणि आपला सा वाजवून धरून ठेवला. किशोर त्या 'सा'शी आपली तार जुळवत होता. कॅसेट सोडून त्याला एखाद्या माणसाशी तार जुळवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग खुर्च्या. आडवी गिटार मऊ बोलते, उभी टोचते. वसंतराव माईकजवळ, किशोरची खुर्ची मागे मागे सरकवत पार भिंतीवरच्या गादीला टेकवली. दिवस रविवारचा होता, व्होल्टेज स्थिर होतं, तरी मी स्टॅबिलायझरचा काटा डोळ्यांसमोर ठेवला. पहिला प्रयत्न फुकट गेला. दोघेही एकमेकांना "तुम्ही पुढे व्हा" म्हणत थांबले, नवख्या व्याह्यांसारखे. दुसऱ्यात किशोर दबून वाजवत होता. वसंतराव मध्येच थांबले. "काय करून राह्यला? माह्या मागून चालू नको. मी सूर धरून उभा राह्यतो, तू माह्या भवती खेळ."

तिसऱ्यात ते जमलं. एकजण लांब सूर धरून उभा, दुसरा त्याच्याभोवती आपली सगळी घासलेली गती घेऊन फिरतोय, आणि जिथे तो सूर वळतो तिथे हाही अचूक वळतोय. एकट्या किशोरच्या वाजवण्यात मला नेहमी घाई जाणवायची आणि पुढे एकट्या वसंतरावांचं ऐकताना कधीकधी पेंग यायची. दोघांनी मिळून वाजवलं तेव्हा एकाची उणीव दुसऱ्यानं उचलली. नीळकंठरावांना मी सांगून ठेवलं होतं, की काही झालं तरी वाहवा करायची नाही. त्यांनी तोंडात रुमाल कोंबला होता.

ती कॅसेट फार खपली असं म्हणणार नाही. लोक येऊन म्हणत, "ही नको, ती जुनी जलदवाली द्या." मी सेलांची गोष्ट सांगायचो, तर म्हणत, "असंन, पण द्या तीच." अजूनही एखाद्या लग्नात ती जलद पहाडी कानावर पडते, आता मोबाइलमधून. त्या दोघांच्या मूळ कॅसेटला पुढे बुरशी लागली. मी ती नीट जपायला हवी होती, तेवढं मनाला लागून राहतं.

पण पुढच्या गणपतीत हिंगणघाटला गेलो होतो ते सांगायला हवं. वसंतरावांना पुन्हा बोलावणं होतं, तेच मंडळ. ते जाणार नव्हते. किशोर स्वतः वडनेरला जाऊन त्यांना घेऊन आला, दुकानातून सुट्टी काढून. बाबूजींनी ती दिली, कारण हल्ली पोरगा गल्ल्यावर चिडचिड करत नाही असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मांडव भरला होता. दोघे बसले, सूर लावले, आणि लगेच पुढच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. "वसंतराव, आज कॅसेटमधल्यासारखी होऊन जाऊ द्या. मागच्या साली फसवलं तुमी."

मांडवात हशा झाला. मी माईकजवळ होतो. वसंतरावांनी कांडी खाली ठेवली आणि माईक जवळ ओढला.

"कॅसेटमधल्यासारखी वाजवणारा हा बसला हाय," त्यांनी किशोरच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याले मागा, तो देईन. मी माह्यासारखी वाजोतो. ज्याले आयकाची त्यानं बसजो, ज्याले जायचं त्यानं जाजो. राग नाई."

काही लोक उठले. उभे राहिलेले ते गृहस्थ थोडा वेळ तसेच उभे होते, मग बसले. वसंतरावांनी कांडी तारेवर टेकवली, सावकाश वर नेली, आणि त्यांची पहाडी, त्यांच्याच चालीनं, सुरू झाली.